उभयचर : उघड्या त्वचेचे प्राणी

बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या तीन गणांतल्या पृष्ठवंशी प्राण्यांचा मिळून उभयचर वर्ग होतो. या वर्गातल्या आठ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. सस्तन प्राण्यांच्या जातीसुद्धा याहून कमी आहेत. दहातल्या जवळजवळ नऊ जाती बेडकांच्याच असल्यामुळे बोलताना उभयचर म्हणजे बेडूक असेच धरले जाते. बाकीच्या दोन गणांवर त्यामुळे थोडा अन्याय होतो, पण तो टाळणे अवघड आहे. पुढच्या विवेचनातही बेडकांनाच झुकते माप मिळणार आहे.

या प्राण्यांची शरीररचना, वागणूक आणि आयुष्यक्रम यांतल्या बहुतेक गोष्टी शेवटी दोन बाबींपाशी येऊन थांबतात. त्यांच्या कातडीतून पाणी आणि वायू आत-बाहेर जाऊ शकतात, ही एक. त्यांच्या अंड्याला कवच नसते आणि आतल्या भ्रूणाभोवती उल्ब नावाची पाण्याची पिशवीही नसते, ही दुसरी. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांनी या दोन्ही ठिकाणी पाणी अडवून धरण्याची सोय केली आणि कोरड्या जमिनीवर मुक्काम ठोकला. उभयचरांनी ती केली नाही. क्रमिक पुस्तकांत याची गणती बहुधा उणिवांमध्ये होते. मासा आणि सरडा यांच्यामधली अर्धवट राहिलेली पायरी, असा एकूण सूर असतो. प्रत्यक्षात हे प्राणी वाळवंटांपासून हिमालयाच्या उतारांपर्यंत आणि झाडांच्या शेंड्यांपासून जमिनीच्या पोटापर्यंत पोचले आहेत, आणि तेही उघडी कातडी व उघडे अंडे घेऊनच. ते कसे पोचले, हाच उभयचरांच्या जीवशास्त्राचा मुख्य विषय आहे.

तीन गणांची ओळख थोडक्यात अशी. बेडकांना प्रौढपणी शेपूट नसते आणि मागचे पाय लांब असतात. कोरड्या, खडबडीत कातडीच्या आणि आखूड उड्या मारणाऱ्या बेडकांना भेक म्हणतात, मात्र वर्गीकरणाच्या दृष्टीने भेक हे बेडकांच्याच गणातले एक कुल आहे. सॅलॅमँडर दिसायला पालीसारखा असतो, पण अंगावर खवले नसतात आणि बोटांना नख्या नसतात. हा गण मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड व समशीतोष्ण प्रदेशातला. भारतात त्याचे प्रतिनिधी फक्त दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतात. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. चीनमधला महाकाय सॅलॅमँडर दीड मीटरहून लांब वाढतो आणि तोच आजचा सर्वांत मोठा उभयचर. दुसऱ्या टोकाला पापुआ न्यू गिनीतला एक बेडूक जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा आहे. देवगांडुळाला पाय नसतात, अंगावर वळ्या असतात आणि डोळे कातडीखाली जवळजवळ झाकलेले असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये बाहेर काढता येणारी एक बारीक स्पर्शिका असते. मातीत वाट काढताना गंधाचे ज्ञान तिच्यातून होते. नाव काहीही असले तरी गांडुळाशी त्याचा संबंध नाही, कारण त्याला पाठीचा कणा, जबडा आणि अणकुचीदार दात असतात.

उभयचरांना स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता मिळायला बराच काळ गेला. कार्ल लिनियसने १७५८ साली बेडूक, साप, सुसरी आणि कासवे एकाच वर्गात घातली, आणि त्या सगळ्यांचे वर्णन करताना आपली किळस लपवली नाही. बेडकांना सापांपासून वेगळे काढण्याचे काम पुढे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी केले.

पायांचे पृष्ठवंशी प्राणी पाण्यातून जमिनीकडे वळले ते डेव्होनियन कालखंडाच्या उत्तरार्धात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर २००४ साली सापडलेला टिक्टालिक हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा मासा आहे. त्याच्या परांमध्ये मनगटासारखी हाडे आहेत आणि मान हलू शकते. ग्रीनलँडमधल्या अकँथोस्टेगाला पुढच्या पायाला आठ-आठ बोटे होती. हे प्राणी आजच्या बेडकांचे थेट पूर्वज नव्हेत, आणि सरडे किंवा पक्षी आजच्या बेडकांसारख्या कशापासून निघाले असेही नाही. मादागास्करमध्ये मिळालेला ट्रायाडोबॅट्राकस हा सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म बेडकांच्या वंशाच्या मुळाशी ठेवतात. त्याला थोडी शेपूट होती आणि पाठीचे मणके आजच्या बेडकापेक्षा जास्त होते.

महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेच्या कित्येक पिढ्यांनी बेडूक पाहिला तो मेणाच्या तबकात टाचण्या टोचून पालथा-उताणा केलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला लावले, तोवर हृदय, यकृत, फुप्फुसे, कपालतंत्रिका ओळखणे म्हणजेच उभयचरांचा अभ्यास होता. त्या तासात कातडी सगळ्यांत आधी कापून बाजूला लोटली जाई. या प्राण्याचा सर्वांत महत्त्वाचा अवयव नेमका तोच होता.

उभयचरांची त्वचा पातळ असते. तिच्या सर्वांत बाहेरच्या, केराटिन असलेल्या थरात पेशींचे एक-दोनच पदर असतात. माणसाच्या कातडीत मृत पेशींचे जाड कवच पाणी रोखते. बेडकात ते काम करायला जवळजवळ काहीच नाही. हा बाहेरचा पदर ठरावीक दिवसांनी निघतो. बेडूक पायांनी तो अंगावरून पुढे ओढतो, तोंडात घेतो आणि गिळून टाकतो. त्याखालच्या थरात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. श्लेष्मल ग्रंथी अंग ओले ठेवणारा बुळबुळीत स्राव सोडतात. दुसऱ्या, दाणेदार ग्रंथी विषारी किंवा निदान कडू, आग आणणारे पदार्थ तयार करतात. भेकाच्या डोळ्यांमागे दिसणारे दोन लांबट फुगवटे म्हणजे अशाच ग्रंथींचे गठ्ठे. अंगणातल्या भेकाला कुत्र्याने तोंडात धरले की तो लगेच टाकून देतो आणि लाळ गाळत बसतो, ते या पांढऱ्या स्रावामुळे. त्यातली काही रसायने हृदयाच्या स्नायूवर काम करतात. दक्षिण अमेरिकेतल्या झगझगीत रंगांच्या बाणविषी बेडकांचे विष तर प्राणघातक असते, पण ते त्यांचे स्वतःचे नसते; ते खाल्लेल्या कीटकांतून साठत जाते आणि पिंजऱ्यात वेगळ्या खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांत आढळत नाही.

ग्रंथींच्या जवळच रंगपेशी असतात. हिरव्या बेडकात बहुधा हिरवे रंगद्रव्य नसते. सर्वांत खाली काळ्या पेशी, त्यांवर निळा प्रकाश परतवणाऱ्या चकचकीत पेशी आणि त्यांवर पिवळा गाळणारा थर, अशा रचनेतून डोळ्याला हिरवा दिसतो. काळ्या पेशींतले रंगकण पसरले किंवा गोळा झाले की तोच बेडूक गडद किंवा फिका होतो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस त्वचा अधिकच पातळ असून तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ओल्या मातीवर पाय फाकून, पोट टेकवून बसलेला भेक पाणी पीत असतो. हे पाणी मूत्राशयात साठवता येते आणि गरज पडल्यावर परत रक्तात घेता येते. हातात धरलेला बेडूक पिचकारी सोडतो तेव्हा घाबरून तो ही साठवणच फेकून देत असतो. मे महिन्यात पकडलेल्या भेकाला ती किंमत जड जाऊ शकते.

श्वसनाचेही मोठे काम कातडीच करते. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचा बराचसा भार, फुप्फुसे असलेल्या बेडकांतही, त्वचेवर असतो. थंड देशांतले काही बेडूक हिवाळाभर गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पडून राहतात आणि सगळा प्राणवायू कातडीतूनच घेतात. टिटिकाका सरोवरातल्या बेडकाच्या अंगावर कातडीच्या सैल चुण्या लोंबत असतात. थंड पाण्यात श्वसनासाठी पृष्ठभाग वाढवण्याचा तो उपाय आहे आणि त्याची फुप्फुसे लहान आहेत. सॅलॅमँडरांचे सर्वांत मोठे कुल तर फुप्फुसांशिवायच जगते. त्यात सॅलॅमँडरांच्या निम्म्याहून अधिक जाती येतात, तेव्हा या व्यवस्थेला अपवाद म्हणण्यात अर्थ नाही.

ज्यांना फुप्फुसे आहेत ते ती भरतात मात्र वेगळ्या रीतीने. बेडकाला छातीचा पिंजरा नसतो आणि श्वासपटलही नसते. नाकपुड्या उघडून तो तोंडाच्या पोकळीत हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तोंडाचा तळ वर उचलून हवा फुप्फुसात ढकलतो. बसलेल्या बेडकाचा गळा सतत लपलपताना दिसतो तो यामुळे, जरी त्यातला प्रत्येक ठोका फुप्फुसापर्यंत पोचत नसला तरी.

हृदयाचीही गोष्ट अशीच आहे. दोन अलिंदे आणि एक निलय असे तीन कप्पे, शुद्ध-अशुद्ध रक्ताची भेसळ, म्हणून हृदय अप्रगत, हे वाक्य घोकून पाठ केलेले असते. प्रत्यक्षात निलयाच्या आतल्या स्नायूंच्या खोबणी आणि बाहेर पडणाऱ्या नलिकेतली नागमोडी झडप यांमुळे दोन प्रवाह बऱ्यापैकी वेगळे राहतात. शिवाय कातडीतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त उजव्या अलिंदात पोचते, फुप्फुसांकडून येणारे डाव्या. बेडूक पाण्याखाली असताना फुप्फुसांकडून ताजा प्राणवायू येतच नाही आणि कातडीकडून येतो. अशा प्राण्याच्या हृदयात पक्की भिंत असती तर ती अडचणीची ठरली असती. निलयातून निघणारी एक धमनीशाखा फुप्फुस आणि त्वचा या दोघांकडे जाते आणि गरजेनुसार रक्त इकडे किंवा तिकडे वळवता येते.

सांगाड्यात बेडकाने केलेली काटछाट मोठी आहे. पाठीत फार तर नऊ-दहा मणके, त्यांच्या मागे शेपटीच्या मणक्यांपासून बनलेली एकच लांब काठी, पुढच्या आणि मागच्या पायांतली जोडहाडे एकमेकांत मिसळलेली, घोट्याची दोन हाडे लांबून पायाला मिळालेला जणू आणखी एक सांधा, आणि उडी संपताना धक्का झेलणारे आखूड हात. हातांना चार बोटे, पायांना पाच. जीभ पुढच्या टोकाला जबड्याशी जोडलेली असते आणि मागचे टोक बाहेर फेकले जाते. भक्ष्य तोंडात आले की बेडूक डोळे मिटतो; ती तृप्तीची खूण नसून डोळ्यांची बुबुळे टाळूकडे खाली दाबली जातात आणि घास घशाकडे सरकतो. बहुतेक बेडकांच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, भेकाला तेही नसतात. चावण्याचा प्रश्नच नसल्याने त्यावाचून अडत नाही.

उभयचरांना शरीराचे तापमान आतून टिकवता येत नाही. हेही उणिवेत जमा केले जाते, पण शरीर गरम ठेवण्याचा खर्च नसल्याने खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा वाढीला आणि अंड्यांना मिळतो, आणि महिनोन्‌महिने उपाशी राहता येते. महाराष्ट्रातले बेडूक ऑक्टोबरनंतर दिसेनासे होतात ते कुठे जात नाहीत. भेगा, बिळे, मुळांखालची ओल, बांधांची माती यांत ते शिरतात. काही जातींच्या टाचेशी फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. असा बेडूक पाय दोन्ही बाजूंना हलवत उलटा, पाठमोरा जमिनीत उतरतो आणि डोके सर्वांत शेवटी आत जाते. ऑस्ट्रेलियातला पाणी साठवणारा बेडूक याच्याही पुढे जातो: निघालेल्या कातडीचे पदर तो अंगावरच राहू देतो आणि त्यांच्या कोशात कोरडा काळ काढतो.

पहिल्या जोरदार पावसानंतर हे सगळे एकदम वर येतात. भातखाचरांत आणि डबक्यांत दिसणाऱ्या मोठ्या बेडकाचे, भारतीय बुलफ्रॉगचे, नर त्या मोजक्या दिवसांत तपकिरीचे लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात. हंगाम सरला की रंग उतरतो. आवाज करताना बेडूक तोंड उघडत नाही. फुप्फुसातली हवा स्वरतंतूंवरून स्वरकोशात आणि तिथून परत फुप्फुसात अशी फिरवली जाते, त्यामुळे श्वास न सोडता रात्रभर ओरडता येते. प्रत्येक जातीची हाक वेगळी असते आणि मादीचा आतला कान आपल्या जातीच्या स्वराला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतो. एकाच डबक्यात पाच-सहा जाती एकाच वेळी कोकलत असल्या तरी जोड्या चुकत नाहीत, निदान फारशा चुकत नाहीत. अभ्यासकांनाही हाच आवाज उपयोगी पडतो. दिसायला सारख्या वाटणाऱ्या कित्येक जाती आधी कानाने ओळखल्या गेल्या आणि नंतर डीएनएने त्यावर शिक्का मारला.

बहुतेक बेडकांत फलन शरीराबाहेर होते. नर मादीला काखेखाली किंवा कमरेपाशी घट्ट मिठी मारतो, आणि ती अंडी घालत असताना त्यांवर शुक्राणू सोडतो. पकड सुटू नये म्हणून त्याच्या अंगठ्याशी हंगामापुरते खरखरीत गादीसारखे उंचवटे येतात. मिठीचे सहा प्रकार जगभरच्या बेडकांत माहीत होते. सातवा २०१६ साली प्रसिद्ध झाला तो सह्याद्रीतल्या एका बेडकाच्या निरीक्षणातून. महाबळेश्वरच्या नमुन्यांवरून १९५५ साली वर्णन झालेल्या आणि पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिलेल्या या बेडकाला इंग्रजीतल्या नावावरून बॉम्बे नाइट फ्रॉग म्हणतात. ओढ्यावर झुकलेल्या पानावर मादी बसली की नर तिच्या पाठीवर चढतो, पण तिला धरत नाही. त्याचे हात पानाला किंवा फांदीला टेकलेले असतात. शुक्राणू तो तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणाऱ्या द्रवाने त्यांचे फलन होते. या जातीची मादीही आवाज देते, आणि बेडकांमध्ये ते क्वचितच घडते.

सॅलॅमँडरांच्या बहुतेक जातींत नर शुक्राणूंची एक लहानशी पुडी जमिनीवर किंवा तळाशी ठेवतो आणि मादी ती आपल्या अवस्करात, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि अंडी यांच्या सामायिक वाटेत, उचलून घेते. देवगांडुळांत फलन पूर्णपणे शरीराच्या आत होते; नराला त्यासाठी अवस्कराचाच भाग उलटा होऊन बाहेर येणारा अवयव असतो.

अंड्याभोवती असतो तो फक्त जेलीचा थर. पाण्यात पडताच तो फुगतो, अंड्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि थोडाफार बचाव करतो. भेकाची अंडी दोऱ्यासारख्या लांब सरींत असतात, इतरांची गोळ्यांत किंवा पाण्यावर पसरलेल्या पातळ थरात. पावसाळी डबक्यात अंडी काही तासांत ते दोन-तीन दिवसांत फुटतात आणि बेडूकमासा बाहेर येतो. कल्ल्यांनी श्वास घेणारा, शेपटीने पोहणारा, केराटिनच्या चोचीने आणि दातांच्या ओळींनी शेवाळ खरवडणारा हा प्राणी प्रौढ बेडकाशी जवळजवळ कोणत्याच बाबतीत जुळत नाही. त्याचे आतडे लांब आणि गुंडाळलेले असते, तो अमोनिया टाकतो आणि पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदी अवयवांची रांग त्याच्या अंगावर असते. बुलफ्रॉगचे बेडूकमासे मात्र शेवाळावर थांबत नाहीत. ते दुसऱ्या जातींचे आणि स्वतःच्या जातीचेही बेडूकमासे फस्त करतात.

केनेथ गॉस्नर यांनी १९६० साली अंड्यापासून बेडकापर्यंतचा प्रवास ४६ टप्प्यांत बांधून दिला आणि आजही बेडूकमाशांचे वर्णन करताना तेच आकडे वापरतात. मागचे पाय बाहेर वाढताना दिसतात. पुढचे पाय कल्ल्यांच्या कप्प्यात झाकून तयार होतात आणि ४२व्या टप्प्याला अचानक बाहेर येतात. तिथून पुढचे काही दिवस हा प्राणी काही खात नाही. तोंडाची चोच गळून पडते, जबडा रुंदावतो, लांबलचक आतडे आखडते, अमोनियाऐवजी युरिया तयार करणारी यंत्रणा सुरू होते, रक्तातले हिमोग्लोबिन बदलते, डोळ्यातले रंगद्रव्यसुद्धा बदलते. शेपूट गळून पडत नाही. तिच्यातल्या पेशी एकामागून एक मरतात, त्यांतला माल शरीर शोषून घेते आणि उपवासाचे दिवस त्यावर निघतात.

हे सगळे एका ग्रंथीच्या हुकमाने चालते. जे. एफ. गुडरनाच यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बेडूकमाशांना सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या अवयवांचे तुकडे खाऊ घातले होते. थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी खाल्लेल्या बेडूकमाशांची वाढ जागीच थांबली आणि वयाच्या मानाने फार लवकर त्यांचे इवलेसे बेडूक झाले. एरवी वर्षानुवर्षे न कळणारा संप्रेरकाचा परिणाम इथे भांड्यात उघड्या डोळ्यांनी दिसला, म्हणून हा प्रयोग अंतःस्रावशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा. त्यातले खरे कोडे मात्र ग्रंथीचे नाही. तेच संप्रेरक, त्याच रक्तातून, त्याच दिवशी पायात पोचते तेव्हा पाय वाढतो आणि शेपटीत पोचते तेव्हा शेपूट मरते. प्रत्येक ऊतीतल्या पेशींनी त्या एकाच निरोपाला काय उत्तर द्यायचे ते आधीच ठरलेले असते. डबके आटू लागले तर ताणाची संप्रेरके या प्रक्रियेला घाई करतात. बेडूक लहान निघतो, पण निघतो.

मेक्सिकोतल्या सोचिमिल्को सरोवराचा ॲक्सोलॉटल या वाटेवर पाऊल टाकतच नाही. तो सॅलॅमँडर आहे, पण कल्ल्यांचे तुरे घेऊन डिंभावस्थेतच वयात येतो आणि प्रजा वाढवतो. बाहेरून थायरॉइडचे संप्रेरक दिले तर त्याचे रूपांतरण होते, म्हणजे यंत्रणा शाबूत आहे, हुकूम पोचत नाही. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. २०१८ साली त्याचा जीनोम वाचला गेला तेव्हा तो माणसाच्या जीनोमच्या सुमारे दहापट निघाला.

तळे, अंडी, बेडूकमासा, बेडूक हा क्रम शाळेत शिकवला जातो तो अनेक क्रमांपैकी एक आहे. एकट्या सह्याद्रीत त्याचे किती पर्याय मिळतात ते पाहण्यासारखे आहे. आंबोलीच्या जंगलात मलबार ग्लायडिंग फ्रॉगची मादी आपल्या स्रावाला मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी ठेवते. हे घरटे पाण्यावर ओणवलेल्या फांदीला चिकटवलेले असते आणि पिल्ले वाढली की खाली पाण्यात टपकतात. झुडपी बेडकांच्या अंड्यांना पाणीच लागत नाही. ओल्या पालापाचोळ्यात किंवा पानांवर घातलेली ही अंडी थोडी आणि मोठी असतात, पिवळ्या बलकावर भ्रूण पोसला जातो आणि बेडूकमाशाची सगळी अवस्था अंड्याच्या आत उरकून नखाएवढा बेडूक बाहेर पडतो. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला याच प्रजातीतले काही बेडूक बांबूच्या पोकळ पेरात बारीक फटीतून शिरतात, आत अंडी घालतात आणि नर तिथे राखण करतो. हवेतल्या ओलीवर सगळी भिस्त असणारी ही पद्धत दमट जंगलाबाहेर टिकत नाही, आणि या बेडकांच्या बहुतेक जाती डोंगराच्या एखाद्याच पट्ट्यात अडकलेल्या आहेत त्याचे एक कारण हे आहे.

देवगांडुळांनी सगळ्यांना मागे टाकले आहे. काही जातींत मादी मातीतल्या बिळात अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. केनियातल्या एका जातीत आईच्या कातडीचा बाहेरचा थर या काळात जाड आणि स्निग्ध होतो आणि पिल्ले खास दातांनी तो सोलून खातात. हे २००६ साली उघडकीला आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावाच्या नमुन्यांवरून २००३ साली वर्णन झालेले एक देवगांडूळ थेट पिल्लांना जन्म देते, असे २००८ साली डेव्हिड गोवर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आशियातल्या उभयचरांत पिल्ले देणारी ही पहिलीच नोंदलेली जात. कोकणातल्या लाल मातीत इतक्या वेगळ्या वाटेचा प्राणी तोवर कोणाच्या लक्षात आला नव्हता.

भारतात चारशेहून अधिक उभयचर जाती आहेत आणि त्यांतला फार मोठा वाटा पश्चिम घाटाचा. तिथल्या बहुसंख्य जाती इतरत्र कुठेही नाहीत. यातली सर्वांत गाजलेली नोंद एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी २००३ साली केली: केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला जांभळट, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक. तो वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली वाळवी खात काढतो आणि पावसाच्या तोंडावर काही दिवस वर येतो. त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणजे ही ताटातूट भारतीय भूखंड गोंडवन या प्राचीन महाखंडापासून फुटत होता त्या काळातली. गंमत अशी की याच्या बेडूकमाशाचे वर्णन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच झाले होते. तो कोणाचा, हे कळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली अशीच एक जात म्हणजे २००९ साली वर्णन झालेला आंबोलीचा भेक. जांभ्या कातळावर पावसाने भरणाऱ्या उथळ खळग्यांत तो प्रजनन करतो. वीतभर पाण्याच्या या जागा आठवडाभर उघडीप पडली तर आटतात. त्याचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात १९६३ सालीच नोंदला गेला होता. या दोघांची प्रजाती उत्तर सह्याद्रीबाहेर सापडलेली नाही. इतक्या चिमुकल्या मुलखात राहणाऱ्या प्राण्याला सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, उतरणाऱ्या गाड्या, बांधकाम आणि खाणकाम यांचा धोका वेगळा सांगावा लागत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त ठरवला आहे.

पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये आज सर्वाधिक धोक्यात असलेला वर्ग उभयचरांचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात सुमारे ४१ टक्के जाती संकटात असल्याचे दिसले. जंगलतोड आणि जमिनीचा बदललेला वापर ही सर्वांत मोठी कारणे. त्यांच्या जोडीला तापमानवाढ. एक कारण मात्र खास याच वर्गाचे आहे. १९९९ साली वर्णन झालेली कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीतल्या केराटिनवर वाढते. कातडी जाडावते आणि क्षारांची देवाणघेवाण बंद पडते, रक्तातले सोडियम व पोटॅशियम घसरते आणि शेवटी हृदय थांबते. बेडूकमाशाच्या अंगात केराटिन असते ते फक्त तोंडाच्या चोचीत आणि दातांत, त्यामुळे तो सहसा मरत नाही, बुरशी मात्र जपून ठेवतो आणि रूपांतरणानंतर बळी पडतो. २०१९ च्या एका अभ्यासाप्रमाणे या रोगामुळे किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. सर्वांत मोठा फटका ऑस्ट्रेलिया आणि मध्य व दक्षिण अमेरिकेला बसला. पश्चिम घाटातल्या बेडकांतही ही बुरशी आढळते, पण तिकडच्यासारख्या सामूहिक मृत्यूंची नोंद नाही. बुरशीचा उगम पूर्व आशियातला असल्याचे जनुकीय पुरावे आहेत आणि आशियातल्या बेडकांना तिची जुनी सवय असावी, असा त्यावरून तर्क केला जातो. कीटकनाशके आणि तणनाशकेही याच उघड्या वाटेने आत जातात, आणि ती नेमकी पेरणीच्या, म्हणजे बेडकांच्या प्रजननाच्या दिवसांत फवारली जातात.

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्याआधी बुलफ्रॉग शेतांतून पोत्यांनी उचलला जाई. गोव्यात 'जंपिंग चिकन' या नावाने तो पावसाळ्यात अजून चोरून विकला जातो आणि वनखात्याची पथके दर जूनमध्ये रात्री गस्त घालतात. घाटरस्त्यांवर पहिल्या पावसाच्या रात्री चिरडले जाणारे बेडूक कोणी मुद्दाम मारत नाही, पण त्यांत अंड्यांनी भरलेल्या माद्या बऱ्याच असतात. देवगांडुळांची स्थिती यापेक्षा अंधुक आहे. त्यांच्या पुष्कळ जातींपुढे आययूसीएनच्या यादीत 'माहिती अपुरी' एवढाच शेरा आहे. जमीन खणल्याशिवाय हा प्राणी दिसत नाही, आणि खणताना दिसला तर बहुधा साप समजून कुदळीखाली जातो.